रिकाम्या टेबलाचे अर्थशास्त्र

दिवाळीआधी कापडाचा सेल लागतो, तसा बड्या उपाहारगृहांचाही लागतो, हे आमच्या आजीला सांगून पटणार नाही. पण न्यूयॉर्कला १९९२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा टिम झगाट व जो बॉम यांच्या पुढाकाराने नामांकित उपाहारगृहांत दुपारचे जेवण १९.९२ डॉलरला मिळू लागले. सालाचा आकडा हाच दर! पुढे हा ‘रेस्टॉरंट वीक’ तिथे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात होऊ लागला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातले मर्म असे दिसते. आज न खपलेले कापड उद्या विकता येते. आज रिकामे राहिलेले टेबल उद्या विकता येत नाही. जागेचे भाडे आणि आचाऱ्याचा पगार मात्र चुकत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक कमी असते त्या दिवसांत मोजक्या पदार्थांचे जेवण ठरावीक दरात देतात. पेये, कर आणि टिप यांचा हिशेब निराळा.

तेव्हा मित्रहो, आधी बेरीज करा, मग खिसा चाचपा. एरवी दारावरचा दरवान पाहूनच आपण पुढे सरकतो. तिथे एक दिवस ताठ मानेने बसता आले, तर ते काय थोडे झाले?