उंबऱ्याच्या आतली भिंत

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढता थबकतो. समोर चार-साडेचार फुटांपर्यंत उघड्या विटांची भिंत आणि तिच्यावर पांढरा गिलावा, असा हा प्रकार पाहून काहीजण हळूच विचारतात, "काम अर्धवट राहिलंय वाटतं?" पुण्या-मुंबईकडून आलेले वेगळंच विचारतात, "कुठल्या आर्किटेक्टकडून करून घेतलंत?" दोघांनाही सासूबाई एकच उत्तर देतात, "पाण्याकडून."

ते खरंच आहे. आमचं घर सांगलीत, कृष्णेच्या जवळ. पावसाळ्यात इथला माणूस घड्याळापेक्षा आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी जास्त वेळा विचारतो. २००५च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन परत फिरलं होतं. त्यामुळे ऑगस्ट २०१९मध्ये आम्ही थोडे गाफीलच राहिलो. त्या वेळी नदी ५७ फुटांपलीकडे गेली आणि आमच्या दारातल्या बोळात साडेतीन फूट पाणी चार-पाच दिवस उभं राहिलं. आम्ही सगळे माझ्या नणंदेकडे मिरजेला. परत आलो तेव्हा घरभर गाळ आणि तो वास. ज्यांनी तो अनुभवलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही.

गाळ काढला, फरशा धुतल्या, कपाटं उन्हात घातली. पण दारातून आत शिरताच उजव्या हाताला लागणारी भिंत काही केल्या वाळेना. डिसेंबर आला तरी तिच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड फुटत होती, रंगाचे पापुद्रे सुटत होते. गवंडीमामांनी थापीच्या मुठीनं ठोकून पाहिलं. खाली पोकळ आवाज, वर खणखणीत. "लोणा लागलाय. हा गिलावा विटेला धरून नाही, नुसता सवयीनं उभा आहे," ते म्हणाले.

लोणा म्हणजे काय, हे मला तोवर नुसतं नावानं ठाऊक होतं. विटेत, मातीत, पुराच्या पाण्यात क्षार असतातच. भिंत ओली झाली की ते विरघळतात आणि वाळताना पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या पाठीमागे वाढत जातात आणि त्याला ढकलून बाहेर काढतात. शिवाय वीट पाणी वर ओढते. म्हणून पाणी साडेतीन फुटांवर असलं, तरी खराबी साडेचार फुटांपर्यंत गेली होती.

खालचा गिलावा निघाला आणि आतून ज्या विटा दिसल्या, त्या पाहून मी हरखलेच. कुठे शेंदरी, कुठे जांभळट, एखादी भट्टीत जास्त भाजलेली काळपट. पुण्यात एका मैत्रिणीच्या बंगल्यात अशी भिंत पाहिल्यापासून माझ्या मनात ती घर करून होती. मी ह्यांना म्हटलं, "आता ही अशीच ठेवू या."

हे काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "गिलावा न केलेलं घर म्हणजे पैसे संपलेलं घर. लोक काय म्हणतील?"

मी पुष्कळ वकिली केली. तेरला विटांची प्राचीन देवळं आहेत, हे सांगितलं. लॉरी बेकर यांचं उदाहरण दिलं. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा माणूस गांधीजींना भेटला, भारतातच राहिला आणि तिरुवनंतपुरमला उघड्या विटांची किती घरं बांधली! भिंतीत विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवायची त्यांची पद्धत तर साधारण पाव हिस्सा विटा वाचवते. सासूबाईंनी ऐकून घेतलं. शेवटी मी हुकमाचा पत्ता टाकला. "आई, प्रत्यक्ष विठ्ठल विटेवर उभा आहे!"

"पुंडलिकाला आईबापांच्या सेवेतून उठायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं वीट फेकली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गिलावा करायला वेळ नाही का?"

यावर काय बोलणार?

दोन दिवस त्या घुम्यासारख्या वावरल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी शेंगा फोडता फोडता आपणहून बोलल्या. घर बांधलं १९७३ साली. मामंजी शाळामास्तर. आदल्याच वर्षी दुष्काळ पडलेला, जवळ होतं-नव्हतं ते विटा-वाळूत गेलेलं. भिंती उभ्या राहिल्या, पत्रे पडले आणि पैसे संपले. चार वर्षं ते सगळे उघड्या विटांच्या घरात राहिले. विटांची लाल पूड दुपट्यांवर, भाकरीच्या पिठावर, मामंजींच्या शाळेच्या सदऱ्यावर. हळदीकुंकवाला आलेली एक बाई दारातच म्हणाली होती, "अजून तसंच का हो?" १९७७च्या दिवाळीआधी सासूबाईंनी आपल्या पाटल्या मोडल्या आणि पुढच्या बोळाला गिलावा करून घेतला. आतल्या खोल्यांचा मग सवडीनं झाला.

"पाटल्या परत कधी केल्या नाहीत," एवढं म्हणून त्यांनी फोलपटं सुपात भरली. ह्यांनाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. मला माझ्या मैत्रिणीचा बंगला, बेकर, सगळं एकदम हलकं वाटायला लागलं. मी जाऊन गवंडीमामांना सांगितलं, "करा बाई गिलावा."

पण तेच तयार होईनात. म्हणाले, भिंतीच्या पोटात अजून ओल आहे. आत्ता सिमेंट मारलंत तर दोन वर्षांत पुन्हा फुगेल. तिला मोकळी सोडा, श्वास घेऊ द्या. आणि वरचा गिलावा मात्र पक्का आहे, त्याला कशाला हात लावायचा?

तसं मग ठरलं. पाण्यानं जिथवर मागितलं तिथवर विटा, त्याच्या वर सासूबाईंचा गिलावा.

आता असं काही करू पाहणाऱ्यांसाठी आमच्या चुकांतून आलेलं शहाणपण सांगते. फुटलेला लोणा कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा आणि पूड गोळा करून बाहेर टाकायची. मी उत्साहानं भिंत धुतली, तेव्हा क्षार पुन्हा आत गेले आणि आठवड्यात परत फुलले. त्यानंतर रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा भिंतीवर थापला, वाळला की काढला. असं तीनदा केल्यावर फरक पडला. ॲसिडनं धुवा, असं सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. विटांमधले सांधे सिमेंटनं न भरता भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू मिसळून भरले. सिमेंट विटेपेक्षा कडक असतं. ओल सांध्यातून बाहेर पडू शकली नाही की विटेतून पडते आणि विटेचं तोंडच झडायला लागतं. चकाकी आणणारं व्हार्निशही याच कारणासाठी टाळलं. थोडी पूड झडते, हे कबूल. म्हणून माणसाचा खांदा घासतो त्या बाजूला लाकडी बाक ठेवला. त्याच्याखाली चपला जातात.

विटा आणि गिलावा जिथे भेटतात तिथे सागाची पट्टी बसवली आणि तिला माळ्यावर पडलेल्या जुन्या खुंट्या लावल्या. किल्ल्या, छत्र्या, ह्यांची टोपी. भिंतीवर काही टांगायचं तर खिळा सांध्यात ठोकायचा, विटेत नाही. विटेला भोक पडलं की ते बुजत नाही. विटांचा रंग उजेड गिळतो, म्हणून समोरच्या भिंतीला पांढरी सफेदी केली आणि छताशी एक पिवळा दिवा असा लावला की उजेड भिंतीला घासून खाली येतो. मग प्रत्येक विटेची कड दिसते. शोभेचं म्हणाल तर कोपऱ्यात एक तांब्याचा हंडा, बस्स. हल्ली विटांसारख्या दिसणाऱ्या टाइल्स मिळतात. ज्यांच्या भिंतीत मुळात विटा नाहीत त्यांनी त्या खुशाल लावाव्यात, पण विटांवर गिलावा करून त्यावर विटांचं चित्र चिकटवणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

काम चालू असताना एक दिवळी सापडली. मामंजींनी पणतीसाठी ठेवलेली. "नव्या गिलाव्यावर काजळी नको, म्हणून मीच बुजवायला लावली होती," सासूबाई म्हणाल्या. आम्ही ती मोकळी केली. कोणी काही सुचवलं नव्हतं, पण त्या संध्याकाळी त्यांनी तिथे पणती लावली. आता रोज लावतात. विटेला काजळी शोभते.

जुलै २०२१ला पाणी पुन्हा आलं. या खेपेला उंबऱ्याच्या आत वीतभरच. संक्रांतीपर्यंत भिंत वाळली. थोडा लोणा आला, तो सासूबाईंनीच खराट्यानं झाडला.

परवा पणती लावून त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. मग बोट दाखवून म्हणाल्या, "हा खालून सहावा थर बघ, वाकडा आहे." मी पाहिलं. खरंच, दाराकडून आत येताना तो थर अर्धा इंच तरी उतरलाय.

"मजुरी वाचवायला रविवारी ते स्वतः बसायचे रचायला. ओळंबा धरायला मी. त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, मी ओळंबा टाकून आत गेले," असं म्हणून त्या हसल्या आणि पणतीची वात जरा पुढे सारली.