‘किस’ म्हणजे विस्तव

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एकाच वर्गात तीन-चार भाषा शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. अशा वर्गात मोबाइलने भाषा शिकवायची, तर त्या मोबाइलला आधी मुलांच्या घरची भाषा ऐकवावी लागेल.

पहिलीच्या वर्गाची कल्पना करा. गुरुजी फळ्यावर चूल काढतात, चुलीत जाळ काढतात आणि विचारतात, “हे काय आहे?” पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आलेलं एक पोरगं हात वर करून सांगतं, “किस.” मराठी घरातली मुलं हसतात. त्यांना ठाऊक असलेला कीस बटाट्याचा, नाहीतर खोबऱ्याचा. पोरगं हात खाली घेतं, आणि मग कितीतरी दिवस तो हात वर होत नाही.

त्याचं उत्तर मात्र बरोबर होतं. कोलामीत ‘किस’ म्हणजे विस्तव. गोंडीतही तोच शब्द आहे आणि कन्नडमधला ‘किच्चु’ त्याच कुळातला. द्राविडी भाषांचा हा जुना धागा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकापर्यंत आलेला आहे.

टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या या भागात कोलामांचे पोड आहेत, गोंडांची वस्ती आहे, बंजाऱ्यांचे तांडे आहेत आणि वऱ्हाडी बोलणारी गावं आहेत. कोलाम ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक; उरलेल्या दोन माडिया गोंड आणि कातकरी. २०११च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे १ लाख २८ हजार लोक होते, तर गोंडी सांगणारे जवळपास ३० लाख. कोलाम घरात पाण्याला ‘ईर’ म्हणतात, गोंडी घरात ‘येर’. घराला कोलामीत ‘एल्ला’ म्हणतात. तांड्यावरच्या लेकराची आई ‘याडी’ असते. आणि ज्याच्या घरी मराठीच बोलतात, ते पोरगंही “मी जेवून राह्यलो” म्हणतं. पुस्तकात मात्र “मी जेवत आहे” असं छापलेलं असतं. पुस्तकाची भाषा इथे कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांनाच नव्याने शिकावी लागते.

शब्दांपेक्षा अवघड आहे ते व्याकरण. मराठीत तीन लिंगं: पलंग तो, खुर्ची ती, टेबल ते. कोलामीची वाटणी वेगळी आहे. पुरुष एका बाजूला, आणि बाई, जनावर, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला. म्हणून एखादं कोलाम मूल आई आणि बैल यांना एकाच रूपाचं क्रियापद लावत असेल, तर ते आपल्या घरचं व्याकरण चोख पाळत असतं. वहीवर लाल फुली मारण्याआधी शिक्षकाला हे ठाऊक हवं. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही तयार अॅपला ते ठाऊक नसतं.

लक्षात राहिला तो कोड

भाषा शिकवण्यासाठी तंत्रज्ञान वापरण्यात महाराष्ट्र मागे नाही. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं डिजिटल शिक्षणाचं व्यासपीठ २०१७मध्ये सुरू झालं. कोविडमुळे शाळा बंद होत्या तेव्हा, जुलै २०२०मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि क्यूआर कोड घराघरांत माहीत झाला.

त्या गौरवातला एक तपशील मात्र मागे राहिला. तिथल्या मुलींच्या घरची भाषा कन्नड होती. ज्या कामासाठी डिसले यांचा सन्मान झाला, त्यात ती भाषा शिकून घेणं आणि पाठ मुलांच्या भाषेत आणणं हेही होतं. कोड हा नंतरचा टप्पा. आपण कोड उचलला आणि कन्नड विसरलो.

टीव्ही असो की व्हिडिओ, त्याला बोलता येतं, पण मुलाचं ऐकता येत नाही. भाषा शिकताना तर निम्मं काम ऐकून घेण्याचं असतं. मूल चुकतमाकत बोलतं, समोरचं माणूस समजून घेतं, वाक्य नीट करून परत देतं. या देवाणघेवाणीला उपयोगी पडणारी गोष्ट मोबाइलमध्ये आहे आणि ती अगदी साधी आहे: आवाजाचा संदेश.

वीस सेकंदांचा पाठ

वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिक्षकांनी संध्याकाळी एक निरोप टाकावा: “विस्तवाला, पाण्याला, घराला तुमच्याकडे काय म्हणतात ते आजीला विचारा आणि तिच्याच आवाजात पाठवा.” संध्याकाळीच, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत फोन आईबापांबरोबर शेतात असतो. वीस सेकंदांच्या आवाजाला व्हिडिओच्या मानाने डेटा कितीतरी कमी लागतो, त्यामुळे रेंज जेमतेम असली तरी तो पोचतो.

सकाळी वर्गात आजीचा आवाज तीनदा लावायचा. सगळ्या मुलांनी तो शब्द म्हणायचा. मग फळ्यावर देवनागरीत दोन रकाने: किस – विस्तव, ईर – पाणी, एल्ला – घर. त्यानंतर मराठी वाक्य: “चुलीत विस्तव आहे.” प्रत्येक मुलाने ते बोलून रेकॉर्ड करायचं आणि स्वतःचं स्वतः ऐकायचं. बोलताना न जाणवलेली चूक आपलाच आवाज ऐकताना लक्षात येते, आणि दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना मूल ती बरेचदा आपणहून सुधारतं. दुसऱ्या कुणी चारचौघांत टोकण्यापेक्षा हे कितीतरी हलकं जातं. घरी फोन नसलेल्या मुलांसाठी शिक्षकांचा एक फोन मधल्या सुट्टीत पुरतो.

साध्या फोनवरही असं काम उभं राहतं, हे मध्य भारतात ‘सीजीनेट स्वर’ने २०१०पासून दाखवलं आहे. मिस्ड कॉल द्यायचा, आपल्या बोलीत बातमी सांगायची, दुसऱ्यांची ऐकायची. गोंडी बोलणारेही त्यात आले. ज्या भाषेचा संसार मुख्यतः बोलण्यावर चालतो, तिच्यासाठी लेखी मजकुरापेक्षा आवाज जवळचा असतो.

हे आवाज जपून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं. सुरुवातीच्या भाषांत संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी होत्या, कोलामी नव्हती. यंत्र शिकतं ते साठवलेल्या आवाजावर आणि मजकुरावर. कोलामीचं असं साहित्य फार थोडं आहे. वर्ध्याकडच्या कोलामीवर मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचं पुस्तक १९५५मध्ये निघालं. त्यासाठी परदेशातून माणसाला वह्या घेऊन यावं लागलं होतं. आज तशी वही प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे. अर्थासह साठवलेले वर्षभराचे आवाज म्हणजे त्या शाळेचा बोलता शब्दकोश.

मात्र आजीचा आवाज आजीचा आहे. तिला विचारल्याशिवाय तो ग्रुपबाहेर जाऊ नये. मुलांची नावं आणि चेहरे समाजमाध्यमांवर टाकायची गरजच नाही. मेमरी कार्ड आणि शाळेचा संगणक एवढं पुरेसं आहे.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असं राज्यघटनेच्या कलम ३५० अ मध्ये १९५६पासून लिहिलेलं आहे. पोडावर कोलामी येणारा शिक्षक नेमला जाणं हाच त्याचा खरा अर्थ, आणि ती मागणी मोबाइलच्या नावाखाली मागे पडता कामा नये. पण तो शिक्षक येईपर्यंत थांबायचं कशाला?

उद्या सकाळी घाटंजीतल्या एखाद्या वर्गात आजीचा आवाज लागू दे. ज्या पोराने हात खाली घेतला होता, त्याने सगळ्यांना उच्चार शिकवू दे. दिवस संपेल तेव्हा त्याला ‘विस्तव’ आलेला असेल, आणि त्याला हसलेल्या मुलांना ‘किस’.