एकाच गाठीची लेस

टॅटिंगमध्ये गाठ एकच. क्रोशात साखळी, खांब, मुका खांब वेगवेगळे शिकावे लागतात. दोन सुयांच्या विणकामात सुलट-उलट असतं. इथे दोन अर्ध्या गाठी मिळून एक पूर्ण गाठ होते, आणि रुमालाच्या किनारीपासून टेबलक्लॉथपर्यंत सगळं तिच्यावर उभं राहतं. रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणं हमखास दिसतात; टॅटिंगची नाजूक किनार एखाद्याच घरची. कारण ती एक गाठच शिकणाऱ्याला पहिले काही दिवस रडवते.

हत्यार अगदी साधं. बोटभर लांबीचं, होडीच्या आकाराचं शटल. त्याच्या दोन पात्यांची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून आत गुंडाळलेला धागा आपोआप सुटत नाही. डाव्या हाताच्या बोटांभोवती शटलच्याच धाग्याचा फेरा घ्यायचा, तो चिमटीत धरायचा आणि उजव्या हातातलं शटल त्या फेऱ्याखालून नेऊन वरून परत आणायचं. ही पहिली अर्धी गाठ. दुसरी उलटी: वरून नेऊन खालून परत.

खरी मेख यानंतर आहे. शटल परत आलं की शटलचाच धागा हातावरच्या धाग्याला वेढा घालून बसलेला असतो. आता शटलचा धागा ताणायचा आणि त्याच क्षणी डावी बोटं सैल सोडायची. वेढा पलटतो. हातावरचा धागा शटलच्या धाग्यावर गाठ होऊन बसतो आणि शटलचा धागा मधून सरळ, मोकळा राहतो. तो मोकळा राहिला तरच शेवटी ओढल्यावर गाठींची रांग मिटून गोल कडं होतं. एक जरी गाठ पलटली नाही तरी कडं तिथेच अडतं. यवतमाळकडची शिकणारी मुलगी वैतागून म्हणते, ‘काकू, गाठ सरकूनच नाही राहिली!’ तिला सांगायचं ते इतकंच, की उजव्या हाताकडे बघू नकोस, डावा सैल सोड. दर गाठीनंतर धागा ओढून पाहायची सवय लावली की बरंच रडणं वाचतं, कारण मिटलेलं कडं पुन्हा उघडणं हे सुईच्या टोकाने करायचं फार किचकट काम आहे.

दोन गाठींमध्ये थोडा धागा मोकळा सोडून त्या जवळ सरकवल्या की वर छोटा फास उभा राहतो. त्याला पिको म्हणतात. तो शोभेचा असतो आणि जोडाचाही: पुढच्या कड्याचा धागा त्यातून काढून अडकवला की दोन कडी शेजारी पक्की बसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये कडी सुईने एकमेकांना शिवत असत. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्डिएर या बाईंनी 1850 च्या सुमारास टॅटिंगवर पुस्तकं छापायला सुरुवात केली. पिकोतून विणता विणताच जोडायची युक्ती त्याच काळात रुळली. पुढे रिळावरचा दुसरा धागा घेऊन कमानीसारखी साखळी विणायची रीतही आली, आणि फुलांच्या भोवती वेल फिरू लागली. 1886 मध्ये तेरेज द दिलमाँ यांच्या सुईकामाच्या प्रसिद्ध कोशातही टॅटिंगला जागा मिळाली.

या लेसला धागा लागतो तो घट्ट पिळाचा, झळाळी असलेला सुती. जॉन मर्सर यांनी 1844 मध्ये कॉस्टिक सोड्याचा सुतावर होणारा परिणाम पाहिला. 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी ती प्रक्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा रेशमासारखी चमक आली. क्रोशासाठी दुकानात मिळतो तो मर्सराइज्ड धागा याच वाटेने आलेला. 20 नंबरचा जाड, 40 चा बारीक, 80 चा केसासारखा. शिकायला 20 च घ्यावा.

आणि इथे यवतमाळच्या माणसाला थांबावंसं वाटतं. आपला जिल्हा कापसाचा. इथला कापूस मूर्तिजापूरकडे न्यायला नॅरोगेजची ‘शकुंतला’ होती. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. पण त्याचा तंतू आखूड होता, जाड्याभरड्या सुताच्या कामाचा. लेसच्या बारीक धाग्याला लांब तंतू लागतो. म्हणजे पऱ्हाटीच्या रानात राहूनही लेसचा धागा मात्र बाहेरूनच यायचा. मला वाटतं, धागा आपला नसला तरी नक्षी आपली असायला काहीच हरकत नाही. पण नमुन्यांच्या पुस्तकात सगळीकडे परदेशी बागेतली फुलं.

स्वतःची नक्षी करायची तर टॅटिंगला काय जमतं ते आधी ओळखावं. त्याला गोल येतो, कमान येते; सरळ रेष आणि भरीव पट्टा अवघड. मोर काढायचा हट्ट धरला की तो ओढूनताणून काढल्यासारखा दिसतो. दुसरी अट धाग्याची. ठिपक्यांच्या रांगोळीत बोटं उचलून दुसरीकडे ठेवता येतात. इथे धागा तोडला की दोन टोकं लपवत बसावं लागतं. म्हणून कागदावर नक्षी काढताना हात कुठून निघेल आणि कुठे पोचेल, ती वाट आधी आखायची. शेजारी आकडे लिहायचे: 4-4-4-4 म्हणजे चार-चार गाठी आणि मधल्या प्रत्येक रेघेवर पिको.

उमललेलं बोंड या अटींत नीट बसतं. बोंडाला चार-पाच कप्पे असतात, पण बाजूने बघितलं तर तीनच नजरेत भरतात. पहिलं कडं 4-4-4-4. मधलं मोठं: चार गाठींनंतर पहिल्याच्या शेवटच्या पिकोत जोड, मग 6-6-4. तिसरं पहिल्याएवढंच, मधल्याला जोडलेलं. काम उलटवून खालून साखळी घ्यायची आणि तिच्यावर लांब पिको सोडायचे. वाळलेल्या बोंडाची टोकदार टरफलं त्यांतून दिसतात. साखळीत गाठी कमी पडल्या तर किनार आवळते, जास्त झाल्या तर चुण्या पडतात. हा हिशेब पुस्तकात सापडत नाही. दोन-तीन बोंडं विणून, कापडावर ठेवून, आकडा बदलून पुन्हा विणावं लागतं. मला याच टप्प्यावर सर्वांत जास्त आनंद होतो, कारण आता कुणाचा नमुना समोर नसतो.

हे काम झटपट कमाईचं म्हणून बचत गटाच्या बायकांच्या हाती देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एका बोंडाच्या तीन कड्यांतच 52 गाठी, साखळी वेगळी. रुमालाच्या चार बाजूंना अशी कितीतरी बोंडं. यंत्रावरच्या लेसशी भावात बरोबरी करायला गेलं की बाईचे तास फुकट जातात. ज्याला किंमत सांगायची त्याच्यासमोर आधी एक कडं विणून दाखवावं.

फूल मात्र बोंडाहून कठीण. पऱ्हाटीच्या फुलाला पाकळ्या पाच आणि खाली दातेरी कडांची पानं तीन. पाचाच्या गोलात तीन समान बसत नाहीत. म्हणून फूल वरून दाखवायचं आणि पानं सोडून द्यायची, किंवा बाजूने दाखवून तीन पानांना लांब पिको द्यायचे. दोन्ही एकदम होत नाही. रंगाचं काम सोपं आहे. हे फूल उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. कड्यावर शटलच्या धाग्याचा रंग दिसतो आणि साखळीवर रिळाच्या धाग्याचा. तेव्हा शटलवर पिवळा भरावा, रिळाला गुलाबी घ्यावा. पाकळ्या पिवळ्या येतात आणि भोवतीची कमान गुलाबी.