घाट उतरताना बॅटरीत जागा ठेवा

शनिवार-रविवार लोणावळ्याला राहून परतणारे बरेच नवी मुंबईकर इलेक्ट्रिक गाडी रात्रभर चार्जिंगला लावतात आणि सकाळी शंभर टक्के भरलेल्या बॅटरीनिशी घाट उतरू लागतात. तोटा होतो तो इथेच. एरवी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्राचं काम करते, गाडीचा वेग उतरवते आणि त्यातून झालेली वीज बॅटरीत धाडते. हेच रीजन. बॅटरी काठोकाठ भरली असेल तर ती वीज ठेवायची कुठे? मग गाडी रीजन कमी करते किंवा बंदच ठेवते, आणि उताराचा सगळा भार ब्रेक पॅडवर येतो.

दीड टनाच्या गाडीचा हिशेब मांडू. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उंची साधारण 500 मीटरने उतरते. तेवढ्या उंचीत दोन युनिट वीज असते. वारा, टायर आणि यंत्रणेतली घट वजा केली तरी एखादं युनिट हाती लागतं, म्हणजे वाशीहून नेरूळ गाठण्याइतकं. म्हणून लोणावळ्यात चार्जिंग 90 टक्क्यांवर थांबवावं.

बोरघाटाला ही युक्ती फार जुनी. 1929-30 च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, तेव्हा 'क्रोकोडाइल' नावाने ओळखली जाणारी मालगाड्यांची इंजिनं 1:37 चा उतार उतरताना तारेत वीज परत सोडत. चढणाऱ्या गाडीचा भार तेवढा हलका होई.

सपाटीवर मात्र गणित उलटतं. रीजन जितकं जास्त तितकी रेंज जास्त, हा समज चुकीचा आहे. चाकांतून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकांत, या फेऱ्यात रुपयाचे साठ-सत्तर पैसेच उरतात. पाम बीच रोडवर रीजन शून्यावर किंवा एकवर ठेवा, पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय काढा आणि गाडी आपल्या वेगाने वाहू द्या. थांबायचंच असेल तेव्हा रीजन वाढवा. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने ते चटकन बदलता येतं.

तुर्भ्याच्या कोंडीत वरची पातळी सोयीची, कारण पायाला आराम मिळतो. विजेची कमाई तिथे फारशी नाही: ताशी 80 च्या तुलनेत 20 च्या वेगात ऊर्जा सोळाव्या हिश्शाचीच असते. अटल सेतूवर तर ब्रेक लावायची वेळच क्वचित येते. तिथे 100 ऐवजी 80 ने गेलात तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटतो. रीजनची कुठलीही पातळी एवढं देणार नाही.

खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत न वापरलेल्या ब्रेक डिस्कवर गंज चढतो. अधूनमधून रीजन शून्यावर नेऊन, मागे गाडी नाही हे पाहून, दोन-चारदा ब्रेक नीट दाबावेत. पावसाळ्यात तर नक्कीच.