लाइन आल्यावर आधी कोण उठतं?

नौतप्यातल्या एका रात्री तीन वाजता भिलाईहून आईचा फोन आला. "अरे, घरातले सगळे दिवे लागलेत. देवघरातला, न्हाणीघरातला, सगळे. फोनवरून बंदच होत नाहीत." मी पुण्यात, अर्धवट झोपेत. म्हणालो, भिंतीवरचं बटण दाब. "त्याच्यावर तूच चिकटपट्टी लावून गेलायस ना!"

खरं होतं. स्मार्ट दिव्यांना सतत वीज लागते. कुणी सवयीने बटण बंद केलं की दिवा यंत्रणेला सापडत नाही, म्हणून दिवाळीत मीच पट्ट्या लावल्या होत्या. मागून बाबांचा आवाज आला, "मी एमसीबी पाडतो," आणि घर पुन्हा अंधारात गेलं.

बाबांची सगळी नोकरी भिलाई स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. निवृत्तीनंतर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून नेहरूनगरला घर बांधलं, आणि त्या घरात माझी हौस शिरली: रास्पबेरी पायचा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक, त्यावर घराची यंत्रणा चालवणारा होम असिस्टंट, झिगबीच्या बिनतारी जाळ्यावरचे दिवे, बोअरच्या स्टार्टरला जोडलेला रिले. त्या संध्याकाळी सातला अंधड आलं आणि वीज गेली. इन्व्हर्टरने बारापर्यंत तग धरला. मग लाइट दोनदा आली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा टिकली. दिवे पेटले, कारण वीज परतल्यावर पूर्ण उजेडात लागायचं हेच बहुतेक स्मार्ट दिव्यांचं मूळ सेटिंग असतं. त्यांना विझवणारा मेंदू मात्र उठलाच नव्हता.

पुढच्याच आठवड्यात आझाद हिंद एक्स्प्रेसने दुर्गला उतरलो. पायवरचा लाल दिवा लागलेला, हिरवा मात्र गप्प. लाल म्हणजे वीज पोचतेय, हिरवा लुकलुकतो म्हणजे मेमरी कार्ड वाचलं जातंय. (पाय ५ मध्ये ही दोन्ही कामं एकाच दिव्याकडे आहेत.) हिरवा हललाच नाही, तर संशय आधी कार्डावर घ्यावा. मात्र त्याआधी अ‍ॅडॉप्टर बदलून बघावा. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय तक्रार करतो, आणि मोबाइलचा जुना चार्जर तिथपर्यंत सहज घसरतो. मी अ‍ॅडॉप्टर बदलला. फरक शून्य. म्हणजे कार्डच.

मेमरी कार्डात लिहिलेलं खोडून त्याच जागी नवं लिहिता येत नाही. अख्खा ठोकळा पुसावा लागतो, मजकूर दुसरीकडे हलवावा लागतो. कुठला मजकूर कुठे हलवला याचा नकाशा कार्डातली एक चिमुकली चिप सांभाळते. नेमकी त्या नोंदीच्या वेळी वीज गेली, तर जमीन जागेवर आणि सातबारा गहाळ, अशी गत होते. त्या क्षणी ज्याला कुणी हातही लावला नव्हता तो मजकूरसुद्धा सापडेनासा होतो. त्यात होम असिस्टंट घरातली प्रत्येक हालचाल, तापमान, व्होल्टेज दर पाच सेकंदांनी डेटाबेसमध्ये उतरवत असतो. म्हणजे वीज कधीही गेली तरी कार्डाचं काहीतरी लिहिणं चालूच असण्याची शक्यता दांडगी. आणि उठतानाही तो बरंच काही लिहितो, त्यामुळे आली-गेली करणारी लाइट सलग अंधारापेक्षा वाईट.

कार्ड लॅपटॉपला लावलं. विंडोजने तत्परतेने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? इथे अनेकांचा घात होतो. या कार्डावरची लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते कोरं किंवा बिघडलेलं समजून विचारतं. धडधाकट कार्डालाही हेच विचारतं. हो म्हणू नये. लिनक्सवर लावून बघावं, निघेल तेवढं काढून घ्यावं.

नुसता डेटाबेस मोडला असेल तर फार बिघडत नाही. होम असिस्टंट मोडकी फाइल बाजूला सारून नवी सुरू करतो. जुने आलेख जातात, दिव्यांचे नियम वेगळ्या फाइलींत शाबूत राहतात. माझं कार्ड त्यापलीकडे गेलं होतं. बॅकअप? रोज रात्री न चुकता होत होता. त्याच कार्डावर! बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

लॅपटॉपवर दिवाळीतली एक प्रत सापडली. नव्या एसएसडीवर होम असिस्टंट चढवला, पहिल्याच पडद्यावर ती टार फाइल दिली आणि अर्ध्या-पाऊण तासात घर परत आलं. झिगबीच्या जाळ्याची गुप्त किल्लीही त्या प्रतीत होती, म्हणून जुने दिवे न बोलावता हजर झाले. दिवाळीनंतर लावलेले चार मात्र ओळख विसरले होते. त्या प्रत्येकासाठी स्टुलावर चढलो. बोअरचे नियमही नव्याने लिहिले, दोन संध्याकाळी गेल्या.

एवढं झाल्यावर बाबांनी विचारलं, "लाइन आल्यावर आधी कोण उठतं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांना सुचणारच. ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली धमनभट्टी सुरू झाली त्या कारखान्यात वीज गेली म्हणून सगळं जागच्या जागी थांबत नाही. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची सोय सगळ्यात आधी बघावी लागते, बाकीचे रांगेत. ग्रिडचंही तसंच: ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेची ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. भिलाई पश्चिम ग्रिडमध्ये, म्हणून वाचली. झोपलेल्या औष्णिक केंद्रांना उठायलासुद्धा वीज लागते. ती जलविद्युत केंद्रांतून आणि शेजारच्या ग्रिडमधून पुरवत एकेक केंद्र उठवावं लागलं. बाबांच्या मते घरालाही हाच न्याय.

आमच्याकडे सगळे एकदम उठायला धावत. पाय तयार व्हायचा, राउटर अजून फायबरशी झटापट करत असायचा. पायला पत्ता मिळायचा नाही, किंवा नवाच मिळायचा आणि फोनमधलं अ‍ॅप जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसायचं. राउटरमध्ये पायचा पत्ता कायमचा राखून ठेवला, तो तिढा सुटला. दुसरी गंमत घड्याळाची. पाय ४ पर्यंत त्यात स्वतःचं घड्याळ नाही, पाय ५ मध्ये आहे पण त्याला वेगळी छोटी बॅटरी लागते. इंटरनेट येईपर्यंत तो शेवटची नोंदलेली वेळच खरी धरून चालतो. पहाटे तीनला त्याच्या लेखी रात्रीचे बारा!

राउटर आणि पाय दोघांनाही छोटा डीसी यूपीएस दिला. इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर केला, नाहीतर अदलाबदलीच्या क्षणभराच्या खंडातही पाय कोलमडतो. दिव्यांचं सेटिंग 'आधी होते तसेच' असं केलं. बोअरबाबत बाबांनी वाद घालू दिला नाही: लाइन आली तरी मोटर बंदच राहणार, माणूस चालू करेल. चिकटपट्ट्या आईने स्वतः सोलून काढल्या.

बॅकअपची प्रत आता रोज रात्री पुण्याला माझ्याकडे येते. २०२५ पासून होम असिस्टंटचे आपोआप होणारे बॅकअप मूळ सेटिंगनुसार कुलूपबंद असतात. किल्ली नसेल तर प्रत असून नसल्यासारखी. ती किल्ली कागदावर छापून गॅसच्या पासबुकाच्या फाइलीत ठेवलीय, कारण या घरात हमखास सापडणारी तेवढी एकच फाइल आहे.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, दोघांनी मिळून मुद्दाम मेन पाडला. यूपीएसच्या पिनाही काढल्या, सगळं थंड होऊ दिलं. दहा मिनिटांनी मेन उचलला. बाबा हातात घड्याळ धरून उभे. नोकरीत पाळीगणिक लॉगबुक भरायची सवय, जुन्या डायरीत त्यांनी लिहिलं: "लाइन १०.४०. राउटर १०.४३. पाय १०.४५. वेळ बरोबर. दिवे बंद. मोटर बंद." खाली सही केली आणि डायरी माझ्यापुढे सरकवली. "तूही कर."