तिसरं वळण

शर्यत जिंकलेलं कुत्रं लंगडत होतं. ढाल मालकाच्या हातात, मोबाइलवर फोटो चाललेले, आणि पटका बांधलेला एक म्हातारा गर्दीत उकिडवा बसून त्या कुत्र्याच्या पंजाची बोटं एकेक फाकवून बघत होता. "नख उपटलंय की रं ह्याचं," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मी जवळ उभी होते, म्हणून मग मला सांगितलं, "सपाटीवर कुनीबी पळंल, ताई. माळावर बगा. पयली दोन वळनं ह्याची, तिसरं पश्मीचं."

त्या तिसऱ्या वळणापायी मी त्यांच्या गावी गेले.

लातूर जिल्ह्याच्या चाकूर-अहमदपूर पट्ट्यात पश्मी ही कुत्र्यांची जात जपणारी काही घरं आहेत, त्यातलं एक या मामांचं. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब नाक आणि कानांना, शेपटीला लोंबते मऊ केस. अरबस्तानातल्या सलुकीचा फोटो शेजारी धरला तर नातं सांगावं लागत नाही. अंग तुळतुळीत असलं की तेच कारवान, आणि कर्नाटकात बागलकोटकडे गेलं की मुधोळ. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री राजाश्रय देऊन सावरली. आता मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे, लष्करानेही त्यांना शिकवून पाहिलं. पश्मीच्या नशिबी मात्र पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आलं, आणि ते आधी कान बघतं.

मामा आधी पंजा बघतात. सकाळी ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी होते, मग रपेट होते, आणि मग प्रत्येक कुत्र्याचे चारही पंजे मांडीवर घेऊन करंजाचं तेल आणि हळद. हा वास दुपारभर त्या पडवीत राहतो: कडवट, उग्र, गोठ्याच्या वासावरही मात करणारा. घरी आल्यावर ओढणीला तोच वास होता. बोटांच्या बेचक्यात मामा अंगठा घालतात, कुसळ आहे का पाहतात, नखाचं मूळ दाबतात. पश्मीची बोटं लांब, मधे केसांची गादी. ग्रेहाउंडचा पंजा आखूड आणि घट्ट मिटलेला. "ह्यो गवतावरचा पाय हाय," मामा म्हणतात, आणि समोर पुतण्या बसलाय हे त्यांना पुरेपूर माहीत असतं.

कारण क्रॉस पुतण्याचे आहेत. ग्रेहाउंड नर आणि पश्मी मादी यांची पिलं आठ आण्यांची. त्यातल्या मादीला पुन्हा पश्मी नर दिला की पिलांत ग्रेहाउंड उरतं चार आणे. रक्ताचा हिशेब या घरात असा आण्यांतच चालतो. पुतण्याचं म्हणणं सरळ आहे: ग्रेहाउंड ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जातं, तेवढं पश्मीला जमत नाही, आणि जत्रेतली ढाल वेगाला मिळते. शर्यतीची तयारी त्याने वस्तीमागेच केली आहे. स्टँडवर चढवलेली जुनी मोटारसायकल, मागच्या चाकाचा टायर काढलेला, रिमवर दोरी गुंडाळली जाते आणि दोरीच्या टोकाला बांधलेलं पोत्याचं बोचकं सरळ रेषेत धावत येतं. क्रॉस त्याच्यामागे सुटला की खरंच डोळा ठरत नाही. झेपावताना चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा ताणलेलं असताना. पश्मी त्याच्या बाजूला सोडली तर चांगली पाच-सहा अंगं मागे राहते. बोचकं थांबल्यावर क्रॉस जीभ काढून सावलीला पडतो. ती मात्र बोचक्याला वळसा घालून पुढे माळाकडे निघून गेली, आणि तिला हाका मारता मारता पुतण्याचा घसा बसला.

पण ससा सरळ पळत नाही. आपल्याकडचा काळ्या मानेचा ससा बिळात शिरत नाही, त्याचा सगळा भरवसा पायांवर. कुत्र्याचं तोंड टप्प्यात आलं की तो झटक्यात दिशा बदलतो. मागचं जड, वेगवान जनावर आपल्याच वेगाने पुढे फेकलं जातं, मुरमावर घसरतं, सावरून पुन्हा वेग धरतं. असं एकदा होतं, दोनदा होतं. प्रत्येक वेळी स्नायू तापतो आणि नखं झिजतात. मामांचं तिसरं वळण ते हे. हलक्या अंगाच्या, दमदार कुत्र्याची पाळी तिथून सुरू होते.

वळण मोजण्याची ही रीत एकट्या बालाघाटाच्या डोंगरावरची नाही. इंग्लंडात अल्टकारला 1836 पासून 2005 पर्यंत वॉटरलू कप व्हायचा. ग्रेहाउंडांची जोडी शशामागे सोडत आणि बरेचसे गुण ससा वळवण्याचे मिळत, मारण्यावर निकाल ठरत नसे. मग कायद्याने ते बंद झालं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शशाची शिकार गुन्हा आहे. "आता ससा उठला की साखळी आवळायची," असं मामा सांगतात. त्यांच्या बोलण्यात काल आणि आज सारखे एकमेकांत शिरतात. मी खोदून विचारलं नाही.

ससा वाचला हे बरंच झालं, त्याबद्दल मला मामांइतकी हळहळ वाटत नाही. अडचण वेगळी आहे. तिसरं वळण आता कुणाला दाखवता येत नाही. मामांचा दावा खरा असेल, मला तो पटतोही, पण ज्या रानात तो सिद्ध व्हायचा ते रान कायद्याने मिटलं. मग निवड करायची कशावर? पुतण्या सरळ दोरीवर करतो, गिऱ्हाईक कानाच्या केसांवर. सलुकीचं इंग्लंडात हेच झालं. फ्लोरेन्स अ‍ॅमहर्स्ट या बाईंनी 1895 साली तिथे सलुकी आणून पाळल्या, 1923 मध्ये केनेल क्लबने मान्यता दिली, आणि बेदुइनांच्या तंबूत शिकारीवर ठरणारी गोष्ट वहीतल्या वंशावळीवर ठरू लागली. मुधोळच्या घोरपड्यांकडे किंवा मामांच्या आज्याकडे 'प्युअर'चा कागद नव्हता. चांगलं पळणाऱ्याला चांगलं पळणारं द्यायचं, एवढंच शास्त्र.

या सगळ्या वादात मामी फारशा पडत नाहीत. भाकऱ्या त्या थापतात. "आठ आणेवाल्याला दीड भाकर लागती, पश्मीला एक," एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. मला हा या घरातला सर्वांत पक्का आकडा वाटतो.

मी तिथे असताना पुण्याहून गाडी आली. नवरा-बायको, दोघं सभ्य. पिलांचे कान हातात घेऊन केस ताणून पाहिले, "प्युअर आहे ना?" असं तीनदा विचारलं, ऑपरेशनची वेळ आली तर भूल जपून द्यावी लागते का, हेही विचारलं. तो प्रश्न रास्त होता. अंगावर चरबी नसलेल्या या जातींना भुलीची काही औषधं जड जातात. ते सगळ्यांत केसाळ पिलू घेऊन गेले. कुणीही त्याचा पंजा उलटा करून पाहिला नाही.

मागे राहिली एक मादी पिल्ली. कानांना केस जेमतेम, बोटं मात्र लांब. मामांनी ती विकायला काढलीच नव्हती. मोठी झाली की कुठला नर देणार, असं विचारलं, तर त्यांनी हनुवटीनेच पुतण्याच्या खाटेकडे दाखवलं. खाटेखाली आठ आण्यांचा नर झोपला होता.

"त्यो क्रॉस हाय की, मामा."

"असंल. पाय बगितला न्हाई का त्याचा?"

पुतण्या हसून मोबाइलमधून वर बघेपर्यंत चुलीपाशी मामींनी विचारलं, "म्हंजी भाकर किती धरायची?"

"सव्वा," मामा म्हणाले.