सिव्हिलमधला सोबतचा माणूस

जिल्ह्याच्या गावी ‘सिव्हिल’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. फाटकावरच्या पाटीवर ‘जिल्हा सामान्य रुग्णालय’ असं लिहिलेलं असतं. तापाने फणफणलेलं पोर, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आलेले आजोबा, कळा सुरू झालेली पहिलटकरीण, शेतात साप चावलेला गडी हे सगळे त्याच फाटकातून आत जातात. यातल्या जवळजवळ प्रत्येकाबरोबर कुणीतरी असतं: मुलगा, सून, शेजारी, गावातली आशाताई. डॉक्टर, सिस्टर आणि औषधं रुग्णालयाची असतात. खिडकीवरून ओपीडी, ओपीडीतून लॅब, लॅबमधून पुन्हा डॉक्टर ही धावपळ मात्र या सोबतच्या माणसाची असते. त्याला वाट ठाऊक असेल तर आजाऱ्याचे हाल निम्म्याने कमी होतात. ही वाट कुणी नीट समजावून सांगत नाही, आणि सरकारी दवाखान्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथेच जन्मतात.

खर्चाची धास्ती आता बरीच कमी झाली आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत हा निर्णय लागू आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची कॉलेजची रुग्णालयं मात्र त्यात येत नाहीत, आणि काही जिल्ह्यांत सिव्हिल आता मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात फुकट झालेल्या तपासणीची आपल्याकडे पावती फाडावी लागली, तर ती लूट समजू नये. खिडकीवर विचारून घ्यावं.

साध्या दुखण्यासाठी थेट सिव्हिल गाठण्याचीही गरज नसते. सपाट भागात सुमारे तीस हजार आणि आदिवासी, डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. त्याच्या वर साधारण तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, आणि त्यानंतर सिव्हिल. खालून रेफर होऊन आलेल्याजवळ तिथली चिठ्ठी असली, की वरचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करत नाही.

सकाळी पहिली रांग केसपेपरची. ज्यांच्याकडे आभा क्रमांक आहे, ते अनेक ठिकाणी खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करतात. नाव, वय, पत्ता पलीकडे आपोआप पोचतो आणि टोकन मिळतं. रांगेत उभं राहण्याआधी आणखी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे वार. हाडांचे, डोळ्यांचे, मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात याचा फलक लावलेला असतो. कॉलेजच्या रुग्णालयात तर प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो आणि पेशंट त्या युनिटचाच राहतो. मंगळवारच्या युनिटने ऑपरेशन केलेला माणूस शुक्रवारी टाके दाखवायला गेला, तर त्याला ‘मंगळवारी या’ असं सांगतात. साठ किलोमीटरवरून एसटीने आलेल्याला ते जिव्हारी लागतं, आणि लागणारच. हा वार डिस्चार्ज देतानाच ठळक लिहून आणि तोंडी समजावून दिला पाहिजे, ही अपेक्षा रास्तच आहे.

तातडीच्या वेळी मात्र यातली कुठलीच रांग नाही. अपघात विभागात आधी पेशंट आत जातो, कागद मागाहून होतात. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली. तिच्या गाडीत डॉक्टर असतो.

सोबतच्या माणसाची खरी कसोटी सर्पदंशात लागते. पहिलं काम गावातच करायचं असतं: चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, जखमेवर चिरा द्यायच्या नाहीत, करकचून दोरी बांधायची नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. रुग्णालयात पोचल्यावर मात्र नातेवाइकांचा संयम सुटतो. डॉक्टर हातातून थोडं रक्त घेतात, काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत ठेवतात आणि वीस मिनिटं तिला हातही लावत नाहीत. बाहेर आवाज चढतो, ‘माणूस मरायला लागलाय आणि हे बघत बसलेत.’ प्रत्यक्षात ती वीस मिनिटं हीच तपासणी असते. वेळ संपली की नळी हळूच कलती करतात. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. ते पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलं आहे, हे कळतं आणि प्रतिविष सुरू होतं. नाग आणि मण्यारीचं विष नसांवर काम करतं, म्हणून तिथे डॉक्टर पेशंटच्या पापण्या, गिळणं आणि श्वास बघत राहतात. प्रतिविष या चारही सापांवर चालतं, पण त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून विषाची लक्षणं दिसल्याशिवाय ते देत नाहीत. एवढी माहिती दारात उभ्या असलेल्या भावाला दोन वाक्यांत दिली, तर कितीतरी भांडणं टळतील. डॉक्टर-नर्सवर हात उगारणाऱ्याला महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण फलकावरच्या कलमापेक्षा दोन शब्दांचा धीर जास्त काम करतो. ते दोन शब्द बोलायला डॉक्टरला उसंत हवी आणि त्यासाठी रिकामी पदं भरली पाहिजेत.

पेशंट अ‍ॅडमिट झाला की सोबतच्या माणसाचा दिवस सकाळच्या राउंडभोवती फिरतो. मोठे डॉक्टर खाटेजवळ येतात तेव्हा हजर असलेल्याला आजार कळतो. नेमका त्याच वेळी चहाला गेलेल्याला तो दिवसभर दहा जणांना विचारावा लागतो. जुनी औषधं, आधीचे आजार, कुठल्या गोळीचं वावडं आहे का, हे एका कागदावर लिहून उशाशी ठेवलं तर ड्यूटी बदलल्यावरही उपयोगी पडतं. काही अडलं तर आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, मग निवासी वैद्यकीय अधिकारी आणि शेवटी जिल्हा शल्यचिकित्सक, असा क्रम आहे.

भेटायला येणाऱ्यांचं प्रेम खरंच असतं. पण एका खाटेभोवती आठ माणसं उभी राहिली, तर सिस्टरला सलाईनपर्यंत पोचता येत नाही आणि शेजारच्या खाटेवरच्या ताज्या ऑपरेशनवाल्याला संसर्गाचा धोका वाढतो. लहान मुलांना वॉर्डात नेऊ नये. सर्दी-खोकला असलेल्याने फोनवर विचारपूस करावी. शहाळंही विचारून न्यावं: त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि मूत्रपिंड अधू झालेल्याला ते घातक ठरू शकतं. आजाऱ्याला जेवण रुग्णालयातून मिळतं, सोबत करणारा मात्र बहुधा वडापाववर असतो. त्याच्यासाठी आणलेला डबा किंवा ‘आजची रात्र मी थांबतो’ हा शब्द कुठल्याही फळांपेक्षा मोलाचा.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते ती घरी जायची. औषधांच्या खिडकीवर तेव्हा पाच मिनिटं जास्त थांबावं. कार्डावर ‘ओ.डी.’ असेल तर गोळी दिवसातून एकदा, ‘बी.डी.’ म्हणजे दोनदा, ‘टी.डी.एस.’ म्हणजे तीनदा, ‘एच.एस.’ म्हणजे झोपताना आणि ‘एस.ओ.एस.’ म्हणजे त्रास झाला तरच. वाचता न येणाऱ्यासाठी फार्मासिस्टकडून प्रत्येक पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून घेता येतो. आणि बाळंतीण असेल, तर आई-बाळाला घरी सोडणारी १०२ ची गाडी मोफत असते. तिच्यासाठी सिस्टरना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.